दारू सोडवायला माणूस दवाखान्यात नेताना: माझ्या वहीतून

अंगणवाडीत रजिस्टरांना तोटा नाही. पोषण आहाराचं वेगळं, वजनाचं वेगळं, गरोदर बायांचं वेगळं, आणि वरून मोबाईलमध्येही भरा. चौदा वर्षं हेच केल्यावर हाताला सवयच लागते. म्हणून एक दिवस सोनूची अर्धी कोरी राहिलेली भूमितीची वही काढली आणि नवऱ्याचं रजिस्टर चालू केलं. रकाने पाच: तारीख, पहिला घोट किती वाजता, दिवसभरात किती, जेवले का, सकाळी हात कसे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू पट्ट्यात आमचं गाव. कापूस, तूर, मधल्या ओळीत सोयाबीन. गावात अशा वह्या चाळीस तरी भरतील. हे लिहिते आहे ते सोबत जाणाऱ्या माणसासाठी, म्हणजे बहुतेक वेळा बाईसाठी. पिणाऱ्याला दवाखान्यात काय करायचं ते डॉक्टर सांगतात. सोबतच्या माणसानं काय करायचं ते मला कोणीच सांगितलं नव्हतं.

वहीपासूनच सुरुवात करा, दवाखान्यात जायच्या आठ-दहा दिवस आधी. ओपीडीत डॉक्टर विचारतात, "रोज किती घेता?" आणि झाडून सगळे एकच उत्तर देतात, "थोडीशी." आमचे हेही तेच म्हणाले. मी वही पुढं सरकवली. डॉक्टरांनी दोन पानं वाचली, बोट 'पहिला घोट' या रकान्यावर ठेवलं (सकाळी साडेसहा, पावणेसात, सहा) आणि म्हणाले, "यांना भरती करावं लागेल." सकाळी उठल्याउठल्या लागते, नाही घेतली तर हात थरथरतात, अशा माणसाचा उपचार गोळ्या देऊन घरी पाठवण्याचा नसतो.

मोजायचं कसं, तर बाटलीवर छापलेलं वाचायचं. ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर एका पव्व्यात, म्हणजे १८० मिलीत, साठ-एक ग्रॅम निव्वळ अल्कोहोल पडतं. डॉक्टर लोक दहा ग्रॅमचा एक पेग धरतात. म्हणजे 'एकच पव्वा घेतो' म्हणणारा सहा पेग घेतो. मोहाच्या दारूवर लेबल कुठलं? तिथं गिलास मोजा, पैसे मोजा, उधारी विचारा. आणि निघायच्या दिवशी एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: शेवटचा घोट किती वाजता घेतला. दवाखान्यातलं घड्याळ तिथून पुढं चालतं.

घरी एकदम बंद करू नका

हे मी चुकून शिकले. वही चालू करायच्या आदल्या वर्षी यांनी घटस्थापनेला देवीसमोर शपथ घेतली, नऊ दिवस थेंबही घेणार नाही म्हणून. मी खुश, सासूबाई खुश, मी तर सव्वा रुपया ओटीत बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे छपरीत चहा पीत होते. कप पडला, मान एका बाजूला गेली, दात आवळले, हातपाय झटके द्यायला लागले. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल. तिसऱ्या रात्री चादरीवरून मुंग्या वेचायला लागले. मुंगी एकही नव्हती. मग दोन वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाला हाका, "ढवळ्या, आरं ये इकडं." सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचं हाय." मी १०८ ला फोन लावला, तो सुद्धा भाचा म्हणाला म्हणून.

बाहेरचं काही नव्हतं. रोज पिणाऱ्यानं दारू अचानक बंद केली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलटी, धडधड सुरू होते. झटका साधारण पहिल्या ४८ तासांत येतो. भास, भ्रम, माणसं न ओळखणं हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. याच काळात माणूस दगावू शकतो. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की दारू मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. मला ते बैलासारखं वाटलं. रोज कासरा ओढून धरलेला बैल उलट रेटायला शिकतो, आणि कासरा एकदम हातातून सुटला की उधळतो.

म्हणून श्रावण लागला, माळ घातली, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तर त्या मनाचा मान ठेवा, पण त्याच दिवशी गाडी धरा. सकाळी पिणारा, आधी कधी झटका आलेला, हात थरथरणारा माणूस घरी 'सुकवायचा' नसतो. त्या दिवशी निघणं जमतच नसेल तर १४४४६ वर विचारा, हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत नंबर आहे. झटका आलाच तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं विळा-पाटा बाजूला करा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, आणि १०८.

आणि सलाईन! आमच्याकडं अशक्तपणा म्हटला की सलाईन. "दोन बाटल्या लावून द्या डॉक्टरसाहेब, तरतरी येईल." पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं, कारण तो जेवत नाही आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. अशात नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: डोळे फिरतात, तोल जातो, माणूस बावचळतो. म्हणून दवाखान्यात आधी थायमिनचं इंजेक्शन देतात, मग ग्लुकोज. तुम्ही डॉक्टरला शिकवायला जाऊ नका, पण कुठल्याही दवाखान्यात सुई टोचायच्या आधी तोंडानं सांगा, "हे रोज दारू घेतात, जेवण नाही." लाजेपायी आपण हे गिळतो. मीही पहिल्यांदा "पित्त झालंय" म्हणाले होते.

राजी कसं करायचं

रात्री कधीच बोलू नका. रात्रीचं बोलणं सगळं वाया, आणि मार खायची वेळ येते ती वेगळी. सकाळी पहिल्या घोटाआधी जी दहा मिनिटं असतात, तीच कामाची.

लेकरांचं, इज्जतीचं, बापाच्या नावाचं मी सगळं सांगून थकले होते. काम झालं ते बँकेत. पीक कर्जाच्या कागदावर यांची सही जुळेना. साहेब म्हणाले, "परत करा." परत केली, आणखी वाकडी. हे बाहेर गेले, वीस मिनिटांनी आले आणि सही बरोबर केली. तोंडाला वास होता. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप समोर ठेवला. बशीवर कप वाजत होता. मी एवढंच म्हटलं, "सहीसाठी पव्वा लागतो, असं किती दिवस चालन?"

"मले त्या पागलखान्यात नेतं का?"

"हाताच्या डॉक्टरकडं नेतो. हात थांबवून देतात म्हणे."

यात खोटं काहीच नव्हतं. त्याला त्रास कशाचा होतो ते धरा: झोप नाही, भूक नाही, हात, पोटात जळजळ. डॉक्टरही तिथूनच सुरुवात करतात.

जायचं कुठं? जिल्ह्याच्या सरकारी मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग असतो. आमच्याकडं यवतमाळचं मेडिकल आहे, वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम आणि सावंगी, नागपूरला मेडिकल-मेयो आणि मनोरुग्णालय. गडचिरोलीत दारू-तंबाखू सोडवणाऱ्या 'मुक्तिपथ' मोहिमेनं २०१६ पासून गावागावांत काम उभं केलं, तिकडच्या लोकांना तालुक्याच्या गावीच उपचार मिळतात. 'मानसोपचार' ही पाटी वाचून यांचे पाय अडखळले. मी म्हटलं, रांगेत पाहा, आपल्याच गावचे तिघं आहेत. खरंच होते.

पिशवीत हे घ्या: दोघांचं आधार, रेशनकार्ड, जुने कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट, चादर, टॉवेल, ताट-गिलास, फोनचं चार्जर, आणि वही. कुठली योजना लागते ते खिडकीवर विचारत बसू नका, समाजसेवा अधीक्षक नावाचा माणूस असतो, त्याला गाठा. कापूस वेचणीच्या दिवसांत नेऊ नका असं सगळे म्हणतील. मी वेचणीतच नेलं. वेचाई थोडी जास्त गेली, बोंडं थोडी जमिनीला लागली.

वॉर्डातले दिवस

आम्ही आठ दिवस होतो. पहिले तीन वाईट. सिस्टर येऊन म्हणायच्या, "दादा, दोन्ही हात पुढं करा, बोटं फाकवा." मग कपाळाचा घाम पाहायच्या, मळमळ विचारायच्या, आज वार कोणता ते विचारायच्या, आणि कागदावर आकडे मांडायच्या. दहा गोष्टींचे गुण, बेरीज ६७ पर्यंत जाऊ शकते. मला ते वजनाच्या तक्त्यासारखं वाटलं, फक्त इथं रेघ खाली यायला हवी. त्या बेरजेवर गोळ्या कमी-जास्त होतात. क्लोरडायझेपॉक्साइड नावाची गोळी पहिल्या दिवशी जास्त आणि मग रोज थोडी कमी, म्हणजे कासरा हळूहळू सोडायचा. लिव्हर खराब असलं तर दुसरी गोळी देतात. ही गोळी घरी आल्यावर मेडिकल दुकानातून आपल्या मनानं आणायची नाही, तिचीच सवय लागते, आणि दारूवर घेतली तर श्वास थांबू शकतो.

सोबतच्या माणसाचं काम राखणीचं. भेटायला येणाऱ्यांवर लक्ष ठेवा. यांचा जिगरी दोस्त सफरचंदं घेऊन आला, पिशवीच्या तळाशी खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. पाण्याच्या बाटलीचा वास घ्या. रात्री माणूस बडबडायला लागला तर वाद घालू नका. "मुंग्या नाहीत" म्हणून भांडू नका, दिवा लावा, नाव घेऊन बोला, सिस्टरला बोलवा. चौथ्या दिवशी यांनी पोळी स्वतः तोडून खाल्ली, तोवर मीच भरवत होते. पाचव्या दिवशी 'सकाळी हात कसे' या रकान्यात मी पहिल्यांदा 'स्थिर' लिहिलं आणि वर तारखेला गोल केला.

इथं बहुतेक घरं चुकतात. हात थांबले, माणूस जेवायला लागला, म्हणजे दारू सुटली असं समजून सुट्टी घेतात. डॉक्टर म्हणाले, "हे फक्त अंग धुणं झालं. आजार पुढं आहे." शुगर, बीपीसारखाच हा आजार, कमीजास्त होत राहतो. पुढच्या गोळ्या वेगळ्या असतात. नाल्ट्रेक्सोननं ओढ आणि मजा कमी होते. पण ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या घेत असतील तर आधी सांगा, ती दोन एकत्र चालत नाहीत. अॅकाम्प्रोसेट दिवसातून तीनदा घ्यावी लागते.

आणि तिसरी डायसल्फिराम, जिच्यावरून गावात सगळ्यात जास्त गोंधळ आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' लिहिलेलं असतं ना? त्या पुड्यांत काय असतं देव जाणे. पण डायसल्फिराम चहातून गुपचूप देणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. एकीनं मलाच पान काढून दाखवलं, "निम्मी गोळी भाजीत टाकजो." नका टाकू. डेन्मार्कमध्ये १९४८ साली लागलेला हा शोध. गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल, छाती धडधड, उलट्या, बीपी खाली. कमजोर हृदयाचा माणूस जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंतही असं होऊ शकतं. ती शुद्धीत, समजून, सही करून घ्यायची गोळी आहे, आणि शेवटच्या घोटाला निदान बारा तास झाल्यावरच सुरू करतात. घेणाऱ्याला ती माहीत असते म्हणून तो पीत नाही, तिचं काम तेवढंच. लपवून दिली तर ते विषच.

समुपदेशनाला मी आधी नाक मुरडलं होतं. बोलून काय होणार? मग तिथल्या ताईंनी गोव्यातला अभ्यास सांगितला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेला, २०१७ मध्ये छापून आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, साधी शिकवून तयार केलेली माणसं होती, आणि भेटी जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते. नेहमीच्याच उपचारावर राहिलेल्यांत २६ टक्के. माझे कान टवकारले. साधी शिकवलेली माणसं म्हणजे आम्हीच की! पण ते पुरुष अजून पुरते अडकलेले नव्हते, सकाळी साडेसहाला लागणारे नव्हते. म्हणून तुमचा माणूस अजून बाजाराच्या दिवशीच पीत असेल तर थांबू नका, नुसत्या बोलण्यानं काम होण्याचे दिवस तेच आहेत. एम्सनं देशभर केलेली पाहणी २०१९ मध्ये आली, त्यात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं निघालं.

खर्रा

दारूचं नाव निघालं की खर्रा मागं राहतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा, तोही लेकरांसमोर. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्रा टपरीवर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. आमच्या घरचे हे दिवसाला चार पुड्या.

एक तपासणी घरीच होते. आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का पाहा. यांची दोनच गेली, तिसरं अडलं. सुपारीनं तोंडाची आतली चामडी ताठते, पुढं तिखट सोसत नाही, तोंड उघडत नाही, आणि कॅन्सरचा धोका वाढतो. बोटं जात नसतील, किंवा दोन आठवड्यांत न भरणारा पांढरा-लाल चट्टा असेल, तर दातांच्या डॉक्टरला लगेच दाखवा.

निकोटिनचं च्युइंगम देतात, २ आणि ४ मिलिग्रॅमचं. उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागणाऱ्याला बहुधा ४. यांनी पहिला गम खर्र्यासारखाच खाल्ला: कचाकचा चावला, गालात कोंबला, उठून गॅलरीतून पिचकारी मारली. मग उचकी लागली ती तासभर. सिस्टर हसून लोटपोट. खरी पद्धत अशी: चार-सहा वेळा हळू चावा, जिभेला चुणचुण लागली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, चुणचुण गेली की पुन्हा चावा. अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी-लिंबूपाणी नाही. ओढ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त, मग उतरते. तोंडच उघडत नसेल तर निकोटिनची कातडीवर चिकटवायची पट्टी असते. तंबाखूसाठी फोन १८००-११-२३५६.

खासगी केंद्राबद्दल

भासऱ्यांचा आग्रह होता की एका शहराजवळच्या केंद्रात तीन महिने टाकून द्या. त्यांच्या साळ्याला तिथं ठेवलं होतं. गाडी रात्री येऊन उचलून नेते, महिनाभर घरच्यांशी बोलणं नाही. साळा घरी आला तेव्हा घोट्याला साखळीचा वण होता, आणि आठव्या दिवशी प्यायला बसला. चांगली केंद्रंही आहेत, पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून चालतंय. ओळखायचं कसं, तर नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी येतात ते विचारा, आत जाऊन संडास पाहा, आणि फोनवर बोलू देता का विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसनही येतं, आणि माणसाला साखळीनं बांधायला त्यात साफ मनाई आहे. 'आत येऊ देत नाही' म्हणाले की चप्पल घाला.

कर

आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. मटण आणि दारू, गावाची रीतच. दवाखान्यातून आल्याला दहा महिने झाले होते. मी अंगणवाडीतून आले तर हे बंड्याच्या खळ्यात. वासावरून कळलं.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. तिथं १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि माझे काका दारूनंच गेले. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली, २०२१ ला गेली. बंदीनं विकत मिळणं अवघड होतं, ते मी नाकारत नाही. पण करीच्या दिवशी खळ्यात काय होतं, ते सोबतच्या माणसालाच पाहावं लागतं.

त्या रात्री मी काही बोलले नाही. वही काढली, लिहिलं: कर, दुपारी तीन, दोन गिलास मोहाची, जेवले. सकाळी हात पाहिले. स्थिर होते. घसरला की आधी हेच पाहा: एकदाच घेतली की परत सकाळची सुरू झाली. सकाळची सुरू झाली असेल तर पुन्हा भरती, मागच्यासारखीच. नसेल तर गोळी चालू ठेवायची की नाही ते डॉक्टरला विचारून ओपीडी, होईल तितक्या लवकर. डायसल्फिराम चालू असती तर रात्रीच दवाखाना गाठावा लागला असता. रात्री मनात काही भलतंसलतं आलं, त्याच्या किंवा तुमच्या, तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी नंबरवर चोवीस तास बोलता येतं. मी दोनदा बोलले आहे, दोन्ही वेळा स्वतःसाठी.

चौथ्या दिवशी आम्ही ओपीडीत होतो. डॉक्टर बदललेले, नवा मुलगा, लातूरकडचा. त्यानं विचारलं, "किती घेतली?" हे म्हणाले, "थोडीशी," आणि माझ्याकडं पाहून, "दोन गिलास. वहीत हाय."

त्या वहीची पानं संपली. नवी वही घेतली तेव्हा यांनीच पट्टीनं रकाने आखून दिले, आणि सहावा वाढवला: खर्रा. परवाच्या तारखेला त्यात 'दोन पुड्या' लिहिलंय. पुढची तारीख शुक्रवारची, गाडी सव्वासहाची.